रुमालाखालची खोड

हसनाबादच्या चौकात, सलूनच्या छपरावर, गेले अडीच महिने एक फ्लेक्स झळकत होता. 'पुण्याच्या नामांकित कंपनीत वरिष्ठ संगणक अभियंता पदी निवड झाल्याबद्दल कु. शिवकन्या हिचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक: समस्त गावकरी.' आपण शुभेच्छुक आहोत हे समस्त गावकऱ्यांना फ्लेक्स लागल्यावरच कळलं, पण कुणी तक्रार केली नाही, कारण शिवकन्येच्या बापाने, म्हणजे कडूबाने, त्या दिवशी चौकात पेढे वाटले होते. फ्लेक्सवर पोरीचा पदवी घेतानाचा फोटो होता, मागे कुठल्या तरी परदेशी शहरातल्या काचेच्या इमारती होत्या आणि खालच्या कोपऱ्यात दोन मेंढ्या होत्या. मेंढ्या कडूबाने हट्टाने टाकायला लावल्या होत्या. पोरीच्या शिक्षणात त्यांचाही वाटा आहे, असं त्याचं म्हणणं होतं, आणि ते खरंच होतं.

फ्लेक्सवर एकच शब्द साफ खोटा होता आणि नेमका तोच सगळ्यात मोठ्या अक्षरांत होता. शिवकन्या वरिष्ठ नव्हती. कंपनीत तिच्याहून कनिष्ठ कुणी असेल तर ते चहाचं यंत्र. शिवाय तिला तीन महिन्यांच्या कच्च्या नोकरीवर घेतलं होतं. काम पसंत पडलं तर पक्की, नाही तर रामराम. हे तिने घरी सांगितलं नव्हतं. सांगणार होती, पण ती तोंड उघडण्याआधी फ्लेक्स टेंभुर्णीहून छापून आला होता, आणि त्याच्याकडे बघताना बापाचा चेहरा असा काही उजळला होता की तिची जीभच उचलली नाही.

काम घरूनच होतं. स्लॅबवरच्या खोलीत लॅपटॉप, खाली कुंपणाच्या वाडग्यात मेंढरं. कंपनी 'हंबर' नावाचं अॅप बनवत होती, घरबसल्या जनावरांची खरेदी-विक्री करण्याचं. बनवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी शेळी बघितली होती ती ताटात. शिवकन्येचं काम होतं अॅप तपासायचं. ते उघडून त्यातल्या चुका शोधायच्या आणि फलकावर लिहायच्या. फलक म्हणजे संगणकातलीच एक यादी. चूक कोणती, कुणाच्या हातून झाली, सगळं त्यात लिहिलेलं, आणि कंपनीतल्या चाळीसही माणसांना ते चोवीस तास उघडं.

इथेच शिवकन्येची गाडी रुतली. पंगतीत भाजी खारट झाली तर यजमानाला बाजूला घेऊन कानात सांगावं, मोठ्या माणसाची चूक चारचौघांत काढू नये, ह्या शिस्तीत ती वाढलेली. पहिल्याच दिवशी तिने फलकावर एक चूक टाकली आणि चुकीपुढे तांबड्या अक्षरांत नाव उमटलं, ओमप्रकाश. ओमप्रकाश सर नऊ वर्षांचे मुरलेले, निम्म्याहून जास्त अॅप त्यांच्या हातचं. आणि काल आलेल्या पोरीने त्यांचं नाव चाळीस माणसांत तांबडं केलं! त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून तिने आपली वाट शोधली. चूक सापडली की फलकाकडे फिरकायचंच नाही. ओमप्रकाश सरांना ऑफिसच्या चॅटवर खाजगीत लिहायचं: 'सर, जेवण झालं का? वेळ असेल तर ते नोंदणीचं पान जरा बघता का? कदाचित माझ्याच मोबाइलचा दोष असेल.' सर बघायचे, गुपचूप दुरुस्त करायचे आणि एक हसरा चेहरा पाठवायचे. सगळं कसं घरच्यासारखं. दोन महिन्यांनी कंपनीने ओमप्रकाश सरांचा सत्कार केला, सगळ्यात कमी चुका करणारा माणूस म्हणून. 'शून्य चूक' असं लिहिलेला कप दिला. शिवकन्येने मनापासून टाळ्या वाजवल्या.

आणि अकराव्या आठवड्यात प्रांजली मॅडमचा फोन आला. मॅडम ह्या कामाच्या प्रमुख, बोलायला गोड पण मोजून बोलणाऱ्या.

"शिवकन्या, फलकावर तू नोंदवलेल्या चुका किती आहेत माहीत आहे? एक. तुझ्याबरोबर लागलेल्या अक्षताच्या बासष्ट आहेत. मला तुझ्याबद्दल वाईट काही म्हणायचं नाही, पण हे काम तुला जमतंय का? शुक्रवारच्या बैठकीनंतर मला निर्णय कळवावा लागेल."

शिवकन्या "हो मॅडम" म्हणाली. ओमप्रकाश सरांना सांगितलेल्या चुकांबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. बोलली असती तर सरांचा कप गेला असता. फोन ठेवल्यावर तिने खिडकीतून चौकाच्या दिशेला बघितलं. फ्लेक्सचा वरचा काठ तिथून दिसत होता, 'वरिष्ठ'मधला 'व' सगळ्यात आधी.

त्याच दुपारी धावड्याहून बायनाबाई आत्या आली. ही कडूबाची थोरली बहीण, पंचक्रोशीत नाव काढलेली बाई. कुणाला शेळी-मेंढी घ्यायची असली की लोक तिला मोटरसायकलवर बसवून भोकरदनच्या बाजाराला न्यायचे. जनावराकडे ती दोन मिनिटं बघायची आणि त्याच्या जन्माची कुंडली मांडायची. लग्नाच्या मांडवातही तिची ही सवय सुटत नसे, म्हणून तिला आमंत्रण सगळे देत आणि ती आली की धसका घेत.

"काय गं शिवे, तोंड कामून उतरलंय? अन् ह्या डब्यात दिवसभर काय करून राह्यली तू?"

"आत्या, दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या खोडी काढायच्या असतात."

"अन् त्याचा पगार देतेत?"

"देतात."

आत्या मटकन खाली बसली. "म्या चाळीस वर्सं फुकट खोडी काढल्या की गं!" तिचा तो धक्का ओसरायला दोन कप चहा लागला. मग तिने फोन ओढून घेतला. "दाव तुहं जनावर."

शिवकन्येने हंबर उघडून दिलं. आत्याला अक्षरं लावून लावून वाचता येई, पण जनावर विकायला काढायचं कसं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. पहिल्याच पानावर अॅपने शेळीची जन्मतारीख मागितली आणि ती भरल्याशिवाय पुढे जाईना.

"शेळीची जन्मतारीख? अगं, तुह्या आज्याची कोनाला ठावं न्हाई, अन् शेळीची मागून राह्यले! दात बघा म्हनावं, दात."

शिवकन्येने कुठली तरी तारीख टाकली. आत्याने 'बोकड' निवडला, 'गाभण आहे' ह्या चौकटीत बोट दाबलं, दुधाच्या रकान्यात तीन लिटर लिहायला लावलं. अॅपने क्षणभर विचार केला आणि हिरव्या अक्षरांत उत्तर दिलं: 'अभिनंदन! तुमचे जनावर विक्रीसाठी तयार आहे.'

आत्या इतकी हसली की खाली वाडग्यातली मेंढरं बावरली. पण पुढचं पान बघून तिचं हसू थांबलं. वर जनावराचा एकच फोटो, डाव्या बाजूने. खाली भल्या मोठ्या अक्षरांत भाव. बस्स.

"उजवी बाजू कुठंय? अन् खोड कुठं लिव्हायची?"

"खोड लिहायला जागा नाहीये, आत्या."

"भाव उघडा अन् खोड झाकलेली?" आत्याने फोन परत दिला. "हा बाजार न्हाई, बाई. उद्या सुट्टी काढ. तुला बाजार दावते."

सुट्टी मागायचं शिवकन्येच्या जिवावर आलं होतं, पण आत्याला नाही म्हणणं त्याहून अवघड. दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने भोकरदनला गेल्या. बाजारात धूळ, लेंड्या आणि आरडाओरडा. रामप्रसाद नावाच्या ओळखीच्या माणसाने एक काळी शेळी भिंतीला अगदी चिकटवून बांधली होती आणि एक गिऱ्हाईक तिच्या अंगावरून हात फिरवत होतं. आत्या थेट गेली, तिने शेळीला भिंतीपासून ओढलं, खाली वाकून कासेला हात घातला आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डाव्या सडाला दूध न्हाई हिच्या! एकाच सडावर हाय शेळी!"

शिवकन्येला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आजूबाजूचे वीस-पंचवीस लोक वळून बघत होते. आता रामप्रसाद काठी घेऊन धावणार, ह्या तयारीने ती दोन पावलं मागे सरकली. पण रामप्रसाद खाली मान घालून हसला. "बराबर हाय, बायनाअक्का. बसा, च्या घ्या." मग त्याने खांद्यावरचा रुमाल काढला, गिऱ्हाइकाचा आणि आपला हात त्याखाली झाकला, आणि दोघांच्या बोटांनी आत काय ते बोलून घेतलं. भाव किती ठरला ते शेजारी उभ्या असलेल्या शिवकन्येलाही कळलं नाही. गिऱ्हाईक शेळी घेऊन समाधानाने गेलं.

चहा पिताना शिवकन्येने विचारलं, "आत्या, इतक्या लोकांत बोललीस. त्यांना वाईट नसेल वाटलं?"

"कामून? म्या खोड शेळीची सांगितली, रामप्रसादची न्हाई. त्याला बिलकुल कळतं ते." आत्याने बशीतला चहा फुंकला. "भाव दोघांचा असतो, म्हनून झाकायचा. खोड समद्यांची असती. म्या ह्या गिऱ्हाइकाच्या कानात सांगितली असती ना, मंग ते गेलं की रामप्रसादनं ती दुसऱ्याच्या गळ्यात मारली असती. अन् पाप कोनाचं? माहं."

शिवकन्येच्या हातातला कप तसाच राहिला. तिला ओमप्रकाश सरांचे हसरे चेहरे आठवले. एकीकडे दुरुस्त केलेली चूक सर आठवड्याने दुसऱ्या पानावर जशीच्या तशी पुन्हा करायचे, आणि ती पुन्हा विचारायची, सर, जेवण झालं का? अकरा आठवडे तिने रुमालाखाली भाव नाही, खोडीच फिरवल्या होत्या. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

परतीच्या एसटीने दोघींना हसनाबादच्या चौकात उतरवलं. आत्याने मान वर करून फ्लेक्स बघितला.

"चष्मा घरी राह्यला. वाच गं, काय लिव्हलंय."

शिवकन्या मोठ्याने वाचू लागली. "पुण्याच्या नामांकित कंपनीत..." आणि 'वरिष्ठ'पाशी येऊन अडकली. सलूनमध्ये गिऱ्हाइकं होती, पानटपरीवर चार टाळकी होती. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं कळलं होतं.

"आत्या, पुढं लिहिलंय ते खोटं आहे. मी वरिष्ठ नाही. माझी नोकरी तीन महिन्यांची कच्ची आहे, आणि शुक्रवारी ती जाईल बहुतेक."

सलूनच्या आतून खुर्ची करकरली. दारात कडूबा उभा होता, गळ्याला कापड, अर्धा गाल गुळगुळीत आणि अर्ध्या गालाला साबण. त्याने सगळं ऐकलं होतं. शिवकन्येला वाटलं, आता हा ओरडणार. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण त्याने फ्लेक्सकडे बघितलं, पोरीकडे बघितलं, आणि गळ्याचं कापड न काढता, उरलेली दाढी तशीच ठेवून घराकडे चालू लागला. न्हावी कापडासाठी त्याच्या मागे धावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवकन्या दळण घेऊन चौकातून गेली तर सलूनपुढे गर्दी. मेंढरांना खूण करायच्या निळ्या रंगाने कुणीतरी 'वरिष्ठ'वर आडवी काट मारली होती आणि वर वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अजून कच्ची'. अक्षर कुणाचं हे विचारायची गरज नव्हती. घरी आली तेव्हा कडूबा ओट्यावर बसून बोटांचा निळा रंग रॉकेलने पुसत होता.

"खोटं लावलं म्या," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पन मला आधी सांगायचं ना, माय. मला काय तू साहेब पायजे होती का? तू पायजे होती."

शिवकन्येच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "तुमच्यासाठीच नव्हतं सांगितलं, आबा." कडूबाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि रंग ओला असल्यामुळे तिच्या केसांत एक निळी बट उमटली.

शुक्रवारी ती तशीच निळ्या बटेने बैठकीला बसली. पडद्यावर प्रांजली मॅडम, ओमप्रकाश सर, अक्षता आणि आणखी कितीतरी चेहरे. दाराशी आत्या बसलेली. तोंड उघडायचं नाही अशी तिला शपथ घातली होती, आणि तिने ती पाळावी म्हणून कडूबाने तिच्या हातात विड्याचं मोठं पान दिलं होतं. मॅडमनी पुढच्या आठवड्यात अॅप गिऱ्हाइकाला दाखवायचं आहे असं सांगितलं आणि शेवटी रीत म्हणून विचारलं, "कुणाला काही सांगायचं आहे?"

शिवकन्येने हात वर केला. "मॅडम, जेवण झालं का?"

सकाळचे साडेदहा वाजले होते. सगळे हसले. शिवकन्येच्या कानशिलांतून वाफा निघाल्या, पण आता सुरुवात झालीच होती.

"मॅडम, अॅपमध्ये बोकड गाभण राहतो. ती चूक फलकावर टाकली आहे. पण त्याहून मोठी एक माझ्या आत्याने शोधली आहे. जनावराची खोड लिहायला ह्यात जागाच नाही. फोटो एकाच बाजूचा घेतो. आणि भाव मात्र सगळ्यांना उघडा. आमच्या बाजारात भाव रुमालाखाली ठरतो आणि खोड सगळ्यांसमोर सांगतात. हे अॅप उलटं आहे. ह्याच्यावर कुणीही फसेल, आणि एकदा फसलेला माणूस पुन्हा फिरकणार नाही."

मॅडमचा चेहरा बदलला. "हे डिझाइन मी केलं आहे, शिवकन्या."

"हो मॅडम. पण खोड अॅपची आहे, तुमची नाही."

खाली नेमकं त्याच वेळी एक मेंढरू जोरात ओरडलं. तेवढ्यात ओमप्रकाश सर कावले. सकाळीच बोकडापुढे त्यांचं नाव तांबडं झालेलं त्यांनी बघितलं होतं.

"ही काय पद्धत झाली? मॅडम, हिने मला आधी सांगायचं होतं ना, नेहमीसारखं! मी लगेच दुरुस्त करून टाकलं असतं."

"नेहमीसारखं म्हणजे?" मॅडम म्हणाल्या.

सरांच्या लक्षात आलं, पण बाण सुटला होता. मॅडमनी त्यांना शिवकन्येबरोबरचा चॅट सगळ्यांना दाखवायला लावला. हजारो ओळींतून शोधायचं कसं, असा सर बारीक आवाजात प्रश्न काढू लागले. मॅडम म्हणाल्या, "शोधा, 'जेवण झालं का'."

सरांनी शोधलं. एकोणसाठ निकाल आले. अक्षताने एकेक वाचून दाखवला. अठ्ठावन्न चुका निघाल्या आणि एकदा शिवकन्येने खरोखरच जेवणाची चौकशी केली होती. ओमप्रकाश सर त्या वेळी 'शून्य चूक' लिहिलेल्या कपातून चहा पीत होते. त्यांनी तो हळूच कॅमेऱ्याखाली नेला आणि बैठक संपेपर्यंत वर आणला नाही.

"अठ्ठावन्न," मॅडम म्हणाल्या. त्या खूश झाल्या नव्हत्या. "आणि कंपनीला एकही कळू दिली नाहीस. ह्यातल्या बारा तर त्याच त्याच आहेत. फलकावर असत्या तर दुसऱ्यांदा झाल्याच नसत्या. शिवकन्या, ही तुझी चूक आहे. मी ती सगळ्यांसमोर सांगते आहे."

"बराबर आहे, मॅडम," शिवकन्या म्हणाली, आणि तिला अजिबात वाईट वाटलं नाही. दाराशी आत्याने समाधानाने पानाची पिंक टाकली.

सोमवारी कागद आला. नोकरी पक्की. सोबत मॅडमची एक ओळ होती: 'खोडीचा रकाना सक्तीचा करतो आहोत, तो कसा असावा हे तुझ्या आत्याला विचारून फलकावर लिही. जेवणाची चौकशी लिहू नकोस.' आपल्याला विचारणार आहेत हे ऐकून आत्याने पहिला प्रश्न केला, "अन् माहा पगार?"

शिवकन्या बापाला घेऊन चौकात गेली. "आबा, आता ते 'अजून कच्ची' पुसून टाका."

कडूबाने फ्लेक्सकडे बघितलं. मग मान हलवली. "ऱ्हाऊ दे. ते लिव्हल्यापासून लोकं मला इचारून राह्यले, पोरगी करती काय नेमकं. आधी कोनीच इचारलं न्हाई."

आत्या मागून आली, ह्या वेळी चष्मा लावून. तिने फ्लेक्स वरपासून खालपर्यंत न्याहाळला, मेंढ्यांपाशी थोडी थांबली आणि मग शिवकन्येच्या फोटोकडे बोट करून, पानटपरीवरच्या चौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "फोटू एकाच बाजूनं काढलाय, कडूबा!"